कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या घरांतल्या मुलांचं शिक्षण: बडोद्यात पैसे कुठे आणि कसे द्यावेत?

सयाजीगंज_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही चार घरं मिळून महिन्याला सहा हजार बाजूला काढणार आहोत. आईला किंवा वडिलांना कुष्ठरोग होऊन गेलाय अशा घरातल्या एक-दोन मुलांचं शिक्षण शेवटपर्यंत करावं असा विचार आहे. शंका अशा: ट्रस्टमार्फत द्यावं की थेट मुलाच्या खात्यात? कराची सूट मिळते का? एकाचा भाऊ टोरांटोला असतो, कॅनडाचा नागरिक आहे, त्यालाही वाटा उचलायचाय. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात की मुलं आपल्याकडे आली-गेली तर काही लागण वगैरे? आणि इथल्या गुजराती शाळांचे कागद, दाखले यातलं आम्हाला फारसं कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

जमाखर्च यांचं उत्तर

पैशाचं आधी सांगतो. मुलाच्या खात्यात दिलं किंवा त्याची फी परस्पर शाळेत भरली, तर सूट शून्य. ८०सी (आयकरातल्या वजावटीचं कलम) मधली ट्यूशन फी फक्त स्वतःच्या मुलांची चालते. सूट हवी तर ८०जीची (देणगीवर सूट देणाऱ्या कलमाची) मान्यता असलेला ट्रस्ट लागतो, आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तरच ती मिळते. नव्या पद्धतीत असाल तर ८०जी डोक्यातून काढा आणि जिथे काम चोख होईल तिथे द्या. निम्मं पब्लिक हे न बघताच "८०जी आहे ना?" एवढंच विचारत बसतं.

ट्रस्टला देणार असाल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, ती रक्कम सुटीत धरत नाहीत. साधारण दिलेल्याच्या निम्मी रक्कम वजा होते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. छापील पावतीवर भागत नाही. आर्थिक वर्ष संपलं की ट्रस्टने देणगीदारांचं विवरण आयकराच्या पोर्टलवर ३१ मेपर्यंत भरायचं असतं (आजवर त्याला फॉर्म १०बीडी म्हणत आलेत) आणि त्यातून तुमच्या नावाचं १०बीई सर्टिफिकेट निघतं. ट्रस्टने पॅनचा एक आकडा चुकवला तर सूट अडकली. चौघांनी एकाच्या खात्यातून एकरकमी पाठवलंत तर सर्टिफिकेट त्या एकाच्याच पॅनवर येईल, म्हणून वेगवेगळे पाठवा.

टोरांटोच्या भावाचं: तो परदेशी नागरिक, म्हणजे त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो, मग तो मूळचा अस्सल बडोदेकर का असेना. घेणाऱ्या ट्रस्टकडे एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याची) नोंदणी हवी आणि पैसा त्यांच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. तुमच्या खात्यात मागवून पुढे ट्रस्टला वळवायची युक्ती करू नका, त्यांची नोंदणी गोत्यात येते. पासपोर्ट भारतीय असता तर त्याची स्वतःची बचत बँकेमार्फत सरळ देता आली असती.

ट्रस्ट बघताना चॅरिटी कमिशनरचा नोंदणी क्रमांक, १२एबी (ट्रस्टची आयकर खात्यातली नोंदणी) आणि ८०जीच्या आदेशांवरची मुदत आणि ऑडिट झालेला जमाखर्च मागा. मुदतीकडे खास बघा, हे आदेश आता कायमचे नसतात.

दप्तर_आणि_दाखला यांचं उत्तर

आधी सरकारी पैसा मिळतो का ते बघा, मग तुमचा घाला. मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४,००० रुपयांची स्पॉन्सरशिप आहे. आईवडील गंभीर आजारी असतील, किंवा शरीराने आणि पैशाने मुलं सांभाळायला असमर्थ असतील, तर अर्ज करता येतो. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ९६,००० आणि खेड्यात ७२,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे इथे पाटीवर "जिल्ला बाळ सुरक्षा एकम" लिहिलेलं असतं तिथे. मंजुरी समितीकडून येते, वेळ लागतो. खासगी माणसांनाही या कक्षामार्फत मूल स्पॉन्सर करता येतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

आता खड्डा कुठे आहे ते. पहिली ते आठवी सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाचीही सोय आठवीपर्यंतच. नववीला ती संपते आणि शाळा पूर्ण फी मागते. गळती तिथेच होते. म्हणून तुमचे पैसे पहिलीच्या गोड चेहऱ्याच्या मुलावर लावण्यापेक्षा सातवी-आठवीतल्या मुलावर लावा आणि बारावी, आयटीआय किंवा नर्सिंगपर्यंत न्या.

आठवीत एनएमएमएसची (केंद्राच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा द्यायला लावाच. सरकारी किंवा ग्रँटेड शाळा आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर पास झालेल्यांच्या यादीतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. मुलगी असेल तर गुजरात सरकारची नमो लक्ष्मी योजना आहे: चार वर्षांत ५०,००० रुपये. नववी-दहावीला वर्षातले दहा महिने पाचशे, अकरावी-बारावीला साडेसातशे, आणि उरलेले दहावी आणि बारावी पास झाल्यावर. हजेरी ८० टक्के लागते. अकरावी-बारावी सायन्सला मिळून नमो सरस्वतीचे आणखी २५,००० असतात. हे सगळं जमलं तर तुमच्या सहा हजारांत दोन नाही, तीन मुलं सहज बसतील.

जे अडतं ते कागदांत. आईवडिलांची बोटं आखडलेली, झिजलेली असतात, त्यामुळे ठसे उमटत नाहीत. डोळ्यांवर परिणाम झालेला असेल तर बुबुळाचं स्कॅनही धड येत नाही. मग आधार अपडेट होत नाही, बँकेचं केवायसी लटकतं, रेशनच्या मशीनवर "नॉट मॅच". आधार केंद्रावर "बायोमेट्रिक एक्सेप्शन" हे शब्द वापरून मागणी करा. त्यात चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा फोटो काढून नोंदणी करायची सोय आहे. ऑपरेटर पहिल्यांदा "होत नाही" म्हणतो, कारण त्याने ते केलेलं नसतं. सुपरवायझरला गाठा.

मुलाचं खातं: दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँक स्वतःच्या सहीने चालवायचं बचत खातं देऊ शकते. दर वेळी वडिलांचा अंगठा लागत नाही. आधार त्याच खात्याला जोडलंय ना ते तपासा, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर दिसते आणि जमा कुठल्यातरी जुन्या बंद खात्यात होते.

उत्पन्नाचा दाखला (इथे आवकनो दाखलो) मामलतदार कचेरीतून निघतो. जातीच्या दाखल्यात मात्र एक मेख आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या वसाहतींतली बरीच कुटुंबं महाराष्ट्र, आंध्र अशा ठिकाणांहून येऊन वसलेली असतात. अनुसूचित जाती-जमातीचा लाभ मूळ राज्यातच मिळतो, त्यामुळे गुजरातच्या जातीवरच्या शिष्यवृत्तीचा हिशेब गृहीत धरू नका. दाहोद, छोटा उदेपूरकडून आलेल्या आदिवासी कुटुंबांना ती अडचण नाही.

चट्टा_तपासणी यांचं उत्तर

वडीलधाऱ्यांसाठी: कुष्ठरोग आनुवंशिक नाही. मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूने होतो, आणि लागण होते ती उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून, श्वासावाटे. एमडीटी (अनेक औषधांचा एकत्रित उपचार) सुरू झाली की रुग्ण लवकरच संसर्ग पसरवेनासा होतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट, पाचपर्यंत चट्टे असतील तर ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२ महिने. वाकडी बोटं म्हणजे चालू रोग नव्हे, ती मज्जातंतूंची जुनी हानी. तुमच्या घरी चहा प्यायला आलेल्या मुलापासून कोणालाही काही होत नाही.

पण मुलाची तपासणी वेगळ्या कारणासाठी करायची. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. आई किंवा वडिलांचा उपचार गेल्या काही वर्षांतला असेल तर मुलाची कातडी वर्षातून एकदा पूर्ण उजेडात बघून घ्या: फिकट किंवा तांबूस चट्टा, तिथे घाम नाही, कापसाचा स्पर्श कळत नाही. गाल, पाठ, दंड आणि नितंब बघितले पाहिजेत. शाळेतल्या धावत्या तपासणीत शर्ट कोणी काढत नाही, पाठीवरचा चट्टा तसाच राहतो. घरात नवा रुग्ण निघाला असेल तर दोन वर्षांवरच्या सहवासितांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात. टीबीची शंका असेल तर देत नाहीत. तो आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच घ्यायचा, केमिस्टकडून आणून नाही.

स्पॉन्सर विसरतात ती गोष्ट म्हणजे रिअॅक्शन. औषधं चालू असताना, कधी कोर्स संपल्यावरही, चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते, हात किंवा पाऊल अचानक लुळं पडतं. सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा कोर्स मिळाला तर ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला तर हात कायमचा जातो. त्या काळात वडिलांची मजुरी बंद होते आणि मोठी मुलगी शाळा सोडून घर सांभाळते. वह्या-पुस्तकांपेक्षा त्या दोन महिन्यांच्या किराण्याने आणि दवाखान्याच्या भाड्याने शाळा वाचते. तुमच्या वर्षाच्या ७२ हजारांतले पंधरा-सोळा हजार यासाठी हात न लावता ठेवा.

पायाला बधिरपणा असलेल्या आईवडिलांना एमसीआरच्या (मऊ रबराच्या) चपला सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात आणि हाताची शस्त्रक्रिया झाली तर १२,००० रुपये भत्ता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती ही वेगळी नोंद आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या.

सयाजीगंज_वाचक

भरपूर मिळालं, आभार. अजून दोन शंका. एकच मूल निवडायचं की वसाहतीतल्या सगळ्यांसाठी काही? आणि दर वर्षी फोटो, पत्र मागवावं का? आमच्यातल्या एकीला ते फार हवंय.

दप्तर_आणि_दाखला

पत्र मूल स्वतःहून लिहील तर लिहू द्या, मागू नका. ताईंना प्रगतिपुस्तकाची प्रत आणि फीची पावती पुरे. फोटो फेसबुकवर अजिबात नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. फोटोखाली "कुष्ठरोग्याची मुलगी" छापलेलं असलं की तिच्या लग्नाच्या वेळी तो कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये निघतोच.

बँकेतून पाठवताना शेऱ्याच्या रकान्यातही "लेप्रसी हेल्प" लिहू नका. तो शेरा मुलाच्या पासबुकात छापून येतो आणि ते पासबुक शाळेच्या क्लार्कपासून सगळे बघतात. "शिक्षण" पुरे. बोनाफाईडवर वसाहतीचं नाव पत्त्यात येणार असेल तर घर नंबर, रस्ता आणि पिनकोड एवढाच पत्ता चालतो का ते आधारवरून जुळवून बघा.

जमाखर्च

एक की सगळे, यावर माझं मत वेगळं आहे. शेजारशेजारच्या खोल्यांत एकाला सायकल आणि दुसऱ्याला काही नाही, यातून वसाहतीत भांडणं होतात आणि त्याचा त्रास त्या मुलालाच. म्हणून फी आणि शिकवणी एकाच्या नावावर ठेवा, पण दिसणाऱ्या वस्तू (सायकल, दप्तर, बूट) द्यायच्या तर त्या वर्गातल्या वसाहतीच्या सगळ्या मुलांना, नाहीतर कोणालाच नाही.

मूल निवडलंत तर शेवटापर्यंतचं आधीच ठरवा. चौघांपैकी एकाची बदली झाली, की बहुतेक वेळा अकरावीच्या मध्यावर हप्ता थांबतो. एक वर्षाचा खर्च आधी जमवून मग सुरुवात करा.

चट्टा_तपासणी

ट्रस्ट वसतिगृहात मुलं ठेवत असेल तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी बघायला विसरू नका. आणि वसतिगृह हा पहिला पर्याय नको. आईवडील बरे आहेत, घरात आहेत, तर मूल घरी राहून शिकलेलं बरं. देणगी म्हटली की आपल्या मंडळींचा चेक सरळ वरोऱ्याला आनंदवनाकडे जातो. तिकडे जरूर द्या, पण सिंधरोटचं श्रममंदिर ही कुष्ठरुग्णांसाठीची संस्था बडोद्याला लागूनच आहे, आधी तिथे चौकशी करा. जिल्हा कुष्ठरोग अधिकाऱ्याच्या कार्यालयातही कोणत्या वसाहतीत किती मुलं शाळेत आहेत ते तोंडी कळतं. नावं ते देणार नाहीत आणि देऊही नयेत.

दप्तर_आणि_दाखला

शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून दाखले एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. निकालानंतर जनसेवा केंद्रावर रांगा लागतात. आधारचं काम त्याच्याही आधी, कारण एक्सेप्शनची नोंदणी एकदा तरी परत येते.