आमच्या सर्व्हरची बखर कशी लिहायची?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण बरीच वर्षं एकाच एमएमओच्या (हजारो जण एकत्र खेळतात त्या ऑनलाइन गेमच्या) एकाच सर्व्हरवर, म्हणजे त्या जगाच्या एकाच प्रतीत, खेळतोय. खेळाडू रोडावले म्हणून आता आमचा सर्व्हर दुसऱ्या एका सर्व्हरमध्ये विलीन होणार आहे. कॅरेक्टर, सामान, सोनं सगळं सोबत येणार, त्याची काळजी नाही. पण इथे जे घडलं त्याचं काय? दोन मोठ्या गिल्डांची (खेळाडूंच्या संघांची) युती ऐन वेढ्यात कशी फुटली, गिल्डची बँक एका रात्रीत कोणी रिकामी केली, लग्नाच्या समारंभात शिरून वऱ्हाडाची कत्तल कशी झाली (वधूवर दोघंही कामी आले), हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. नव्या माणसाला सांगायला बसलं की मात्र प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते.

काहींचं म्हणणं विकी काढू, काहींना व्हिडिओ मालिका हवी. गेमची अधिकृत कथा, क्वेस्टमधले (गेमने दिलेल्या कामगिऱ्यांमधले) संवाद वगैरे, तेही त्यात घ्यायचं का? कोणी असं काम केलं असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

कोपऱ्यातला_हीलर:

+१, वाचतोय. एवढंच सांगतो, जे आहे ते आधी डिस्कॉर्ड या चॅट ॲपमधून बाहेर काढा. लॉगिनच्या आड असलेलं ना सर्च इंजिनला दिसतं ना जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनला. ज्याच्या नावावर ते चॅनेल आहे त्याने रागाच्या भरात बटण दाबलं की संपलं.

खतावणी:

रात्रपाळी, आमच्या गिल्डची कारकुनी माझ्याकडेच असते. रेडला (गटाने मिळून करायच्या चढाईला) कोण आलं, लूट कोणाला गेली, कोण रुसून गेलं, सगळं. त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवते.

तुमच्याकडे कथा दोन आहेत. एक कंपनीने लिहिलेली, दुसरी तुम्ही लोकांनी घडवलेली. दोन्ही जपा, पण एका वहीत लिहू नका, कारण दोन्हींचे पुरावे वेगळे असतात.

कंपनीची कथा कंपनी सांभाळेल हा समज सोडा. डेस्टिनी २ या गेममधली मूळ मोहीम नोव्हेंबर २०२० मध्ये गेममधूनच काढून टाकली. पैसे मोजून घेतलेली कथा खेळायला मिळेना. त्याआधीच्या पहिल्या डेस्टिनीत तर कथेचा मोठा भाग ग्रिमॉयर कार्डांवर होता आणि ती कार्डं गेममध्ये वाचताच यायची नाहीत, वेबसाइटवर जावं लागायचं. इश्तार कलेक्टिव्ह या चाहत्यांच्या साइटने ती सगळी शब्दशः उतरवून, एकमेकांना जोडून ठेवली आहेत. गिल्ड वॉर्स २ या गेमच्या लिव्हिंग वर्ल्ड या कथामालिकेचा पहिला सीझन २०१३ मध्ये आला, त्या त्या वेळी खेळलात तर खेळलात. तो परत आणायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात नव्या खेळाडूला दुसऱ्या कोणाचं रेकॉर्डिंग आणि विकी एवढाच आधार. म्हणून संवाद उतरवताना सारांश लिहू नका. जसेच्या तसे शब्द, बोलणाऱ्या एनपीसीचं (गेम चालवतो त्या पात्राचं) नाव, क्वेस्टचं नाव आणि तेव्हा कुठला पॅच (गेमची सुधारित आवृत्ती) चालू होता, हे हवंच. पुढच्या पॅचमध्ये तोच एनपीसी वेगळं बोलायला लागतो आणि मग लोक एकमेकांना खोटं पाडत बसतात.

आता तुमची स्वतःची कथा. इथे मला ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या गेमचा हेवा वाटतो. जानेवारी २०१४ मधली बी-आर५आरबीची लढाई सगळ्यांना माहीत आहे: २७ तारखेला सुरू झाली, एकवीस तासांच्या आसपास चालली, टायटन जातीची ७५ प्रचंड जहाजं नष्ट झाली, आणि ठिणगी काय, तर त्या प्रदेशाच्या ताब्यासाठी भरायची रक्कम वेळेवर भरली गेली नाही. आकडे इतके पक्के कसे? जहाज फुटलं की गेम आपोआप किलमेल काढतो. कोणी मारलं, कशाने मारलं, कुठे, किती वाजता, सगळं त्यात असतं, आणि खेळाडू ते जाहीर किलबोर्डवर (अशा नोंदींच्या वेबसाइटवर) चढवतात. पण किलमेल कारण सांगत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं. अँड्र्यू ग्रोएनने ईव्हच्या युद्धांचा इतिहास लिहिला तो दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून.

तुमच्या गेममध्ये किलमेल नसेल, पण चॅट लॉग आहे का बघा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चॅटलॉग ही कमांड दिली की सगळं बोलणं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं. ईव्हमध्ये तर अशा फाइली आपसूक साठत जातात. बऱ्याच जणांच्या हार्ड डिस्कवर अशा फाइली पडून असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. सगळ्या गिल्डला आजच विचारा. स्क्रीनशॉट जमवताना एक ताकीद द्या: कापू नका. लोक ड्रॅगन दिसावा म्हणून चॅटचा कोपरा छाटतात आणि नेमकी वेळ, नावं, शिव्या तिथेच असतात. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) आणा, नाहीतर तीच कत्तल एकाच्या लेखी शनिवारी आणि दुसऱ्याच्या लेखी रविवारी होईल.

प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना हवा: हे कसं कळलं? स्वतः पाहिलं, ऐकलं, लॉग आहे, की नुसतं "सगळ्यांना माहीत आहे"? या शेवटच्या जातीचं खत फार. त्यावर काहीही उगवतं.

मुलाखती घ्या, लेखी. "काय झालं?" असं विचारलंत तर पाठ केलेली गोष्ट मिळते. "तेव्हा तू नक्की कुठे उभा होतास, हुकूम कोणाचा होता, व्हॉइस चॅटवर शेवटचं काय ऐकलंस?" असं विचारा. फितूर झालेल्याला आधी गाठा. तो सगळ्यांत सविस्तर सांगतो, कारण इतकी वर्षं त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

अवांतर: लोक काय वागले तेही लिहाच, नुसता डॅमेजचा तक्ता नको. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये हक्कार या बॉसचा (मोठ्या शत्रूचा) संसर्ग पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पसरला. दोन संशोधकांनी त्यावर २००७ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात लेख लिहिला. कोण बरं करायला धावलं, कोण नुसतं बघायला गेलं, कोण मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरलं, त्यांना रस होता तो यात.

विकीबद्दल माझं मत जरा वाईट आहे. तुम्ही वीस-पंचवीस जण असाल तर विकी म्हणजे रिकाम्या पानांचं गाव. तारखांचा एक तक्ता, प्रत्येक प्रसंगाची एक टेक्स्ट फाइल, सोबत चित्रांचं फोल्डर, एवढं करून इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. व्हिडिओ नंतर हौस म्हणून करा. व्हिडिओच्या पोटातलं नाव शोधून सापडत नाही. आणि कोणी ट्विच या साइटवर थेट खेळ दाखवला असेल तर ती जुनी प्रक्षेपणं काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, तेव्हा आधी ती उतरवून घ्या.

तिसरी_फळी:

खतावणीताई, बाकी पटलं, विकीवरून भांडणार. फाइलींचं फोल्डर एका माणसाच्या ताब्यात असतं आणि तो माणूस नेहमी जिंकलेल्या गिल्डचा असतो. आमच्याकडे असंच एक "अधिकृत" टाचण लिहिलं गेलं, त्यात आमचा सगळा वेढा एका ओळीत: "शत्रू पळाला". विकीला निदान बदलांचा इतिहास तरी असतो, कोणी काय खोडलं ते दिसतं.

दोन बाजूंचा ताळमेळ बसवू नका. दोन्ही हकिगती शेजारी शेजारी छापा. बँकेच्या प्रकरणात "चोर" लिहू नका, किती वाजता कोणत्या कॅरेक्टरने काय काढलं तेवढं लिहा. त्या कॅरेक्टरमागच्या माणसाचं खरं नाव तर अजिबात नको.

खतावणी:

बदलांच्या इतिहासाचा मुद्दा मान्य. मग विकी काढाच, पण जागा बघून. रुनस्केपचं विकी २०१८ मध्ये आणि माइनक्राफ्टचं २०२३ मध्ये फॅनडम या विकी चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून स्वतःच्या पत्त्यावर गेलं. लोकांनी लिहिलेला मजकूर पुन्हा वापरायची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली होता म्हणून तो उचलून नेता आला. पण जुनी प्रत जुन्या पत्त्यावर तशीच राहते आणि सर्चमध्ये नव्या घराच्या आड येते. तुम्ही पहिल्याच पानावर परवाना लिहून टाका, आणि मीडियाविकी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक्सपोर्टची प्रत अधूनमधून काढून दोघांच्या संगणकावर ठेवा. एक तुमच्याकडे, एक तिसऱ्या फळीसारख्या भांडखोराकडे.

रात्रपाळी:

खूप आभार, दोघांचेही. एक अडचण राहिली. आमच्यात रोलप्लेवाले (कॅरेक्टरच्या भूमिकेत शिरून खेळणारे) बरेच आहेत. त्यांच्या कॅरेक्टरांच्या रोजनिशा आहेत, एकीने तर सर्व्हरचं वर्तमानपत्र चालवलं होतं. त्यात लढाया आहेत, पण निम्म्या गोष्टी घडलेल्याच नाहीत. ते कुठे घालायचं?

खतावणी:

वर्तमानपत्र!! ते सांगायचं सोडून लग्न काय सांगत बसलात?

सगळे अंक जसेच्या तसे ठेवा, अक्षर बदलू नका. लढाईचा पुरावा म्हणून नव्हे, त्या दिवशी लोक काय बोलत होते त्याचा पुरावा म्हणून. रोजनिशांवर "कॅरेक्टरच्या तोंडून" अशी स्पष्ट खूण करा आणि प्रसंगाच्या पानावरून दुवा द्या. लिहिणारीची परवानगी मात्र घ्या. ते तिचं लेखन आहे, गिल्डचं नाही.

आणि विलीनीकरणाच्या आधी एक काम उरका, नंतर ते जमणार नाही. दोन सर्व्हरांवर एकच नाव असेल तर सहसा एकाला नाव बदलावं लागतं. मग जुन्या लॉगमधला माणूस नव्या सर्व्हरवर कोण, ते कोणाला कळणार नाही. जुनं नाव, नवं नाव, गिल्ड, असा तक्ता आत्ताच सुरू करा.

रात्रपाळी:

हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री सगळ्या गिल्डांच्या रोस्टरचे (सभासदांच्या यादीचे) स्क्रीनशॉट घ्यायला सांगतो.

तिसरी_फळी:

रँकचा रकाना उघडा ठेवून घ्या. आणि जे कधीच सोडून गेले ते रोस्टरवर दिसणार नाहीत, त्यांची नावं जुन्या लॉगमधूनच काढावी लागतील. शत्रूच्या गिल्डांनाही विचारा, त्यांच्याकडे तुमच्या लोकांची यादी तुमच्यापेक्षा चांगली असते.