चेनला ९० नंबरचं गिअर ऑइलच लावा, स्प्रेची गरज नाही

घाटवळण

महागड्या स्प्रेशिवाय बाईकची चेन टिकत नाही हा समज इतका पसरलाय की रोज कामावर जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीलाही लोक स्प्रे मारायला लागलेत. माझं मत याच्या उलट आहे. रोजच्या गाडीला एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० (हे घट्टपणाचे नंबर) गिअर ऑइल पुरतं, आणि नीट लावलं तर स्प्रेपेक्षा चांगलं काम करतं. होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ओ-रिंग (रबरी सीलवाल्या) चेनलाही एसएई ८० किंवा ९० गिअर ऑइलच सांगितलेलं आहे.

हिशोब बघा. एका वेळी १० ते १५ मिली ऑइल लागतं. दर ५०० किलोमीटरला लावलं तरी २०,००० किलोमीटरला ४० वेळा, म्हणजे जास्तीत जास्त ६०० मिली. एक लिटरचा डबा उरतो. स्प्रेचा डबा हात सैल असला की दहा-बारा वेळांत रिकामा होतो, आणि त्यातला बराचसा भाग रिमवर नाहीतर हवेत जातो.

लावायची पद्धत: गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने मागे फिरवत. ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला सोडायचं, म्हणजे चेन फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकलं जातं आणि रोलर आणि पट्ट्यांमधून झिरपतं. वरून ओतलेलं ऑइल थेट रिमवर उडतं. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. हे पुसणं टाळतात म्हणूनच "गिअर ऑइल उडतं" अशी ओरड होते.

---

काळी_माती

असहमत. तुमचा हिशोब डांबरी रस्त्याचा आहे. यवतमाळ-वणीकडे मार्च ते जूनमध्ये शेतरस्त्याने गाडी घाला आणि ओली चेन संध्याकाळी बघा. ऑइलवर बारीक धूळ बसते, तिचा राखाडी लगदा होतो आणि रोलर नि स्प्रॉकेटच्या (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) दातांमध्ये तोच घासत राहतो. कितीही पुसा, ऑइलचा थर ओलाच राहतो.

वॅक्सवाला स्प्रे इथे सरस ठरतो, कारण त्यातला पातळ द्राव उडून गेला की मागे कोरडा, न चिकटणारा थर उरतो. अट एकच, निघायच्या आधी मारून लगेच किक मारायची नाही. रात्री मारा, सकाळी गाडी काढा. पाच मिनिटांत निघालात तर तोही उडणारच, आणि मग लोक स्प्रेला नावं ठेवतात.

---

जुना_पाना

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटली आहे: चेन कोणती आहे? ते ठरल्याशिवाय ऑइल की वॅक्स हा वाद पुढे जात नाही.

बहुतेक कम्युटर गाड्यांवर, विशेषतः पूर्ण कव्हर असलेल्यांवर, साधी ४२८ मापाची चेन असते. तिच्यात पिन आणि बुशच्या (पिनेवरच्या नळीच्या) मध्ये सील नसतो. चेन "लांबते" म्हणतात तेव्हा पट्ट्या ताणलेल्या नसतात, पिन आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात थोडी फट पडलेली असते. म्हणजे या चेनमध्ये वंगण पिनपर्यंत पोचलंच पाहिजे. वॅक्स वरच सुकतो. साध्या चेनला गिअर ऑइलच योग्य, तेही चेन कोमट असताना, कारण थंड ९० नंबर आत शिरायला जाड पडतं.

ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये पिन-बुशमधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी कोंडलेलं असतं. तिथे बाहेरून काही जात नाही आणि जायची गरजही नाही. बाहेरचं वंगण फक्त रोलर, स्प्रॉकेटचे दात, गंज आणि रिंग मऊ ठेवण्यासाठी. इथे वॅक्स चालतो, गिअर ऑइलही चालतं, रस्ता बघून ठरवा. डबा मात्र "ओ-रिंगसाठी सुरक्षित" असं लिहिलेलाच घ्या.

ओळखायची खूण: आतल्या आणि बाहेरच्या पट्टीमध्ये काळी रबरी कड दिसली की सीलबंद चेन.

धुण्याचेही नियम यावरूनच बदलतात. साधी चेन रॉकेलने किंवा डिझेलने खुशाल धुवा, पण त्याने आतलं जुनं वंगणही निघून जातं. वाळवून लगेच ऑइल दिलं नाही तर धुण्याने फायद्याऐवजी नुकसान. सीलबंद चेन भिजत घालायची नाही. रॉकेलचं फडकं आणि मऊ ब्रश, एवढंच. पेट्रोल नको, रबर फुगतं आणि मग कडक होऊन चिरतं. तारेचा ब्रश रिंग कापतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून चेनवर मारला तर पाणी रिंगेच्या आत ढकललं जातं आणि काही महिन्यांनी तिथली कडी आखडते.

---

मालवणी_खिंड

वॅक्सबद्दल एक इशारा. जून ते सप्टेंबर कोकणात चेनवरचं वंगण एका मोठ्या पावसात धुऊन जातं आणि दुसऱ्या सकाळी पट्ट्यांवर तांबूस गंज दिसतो. अशा वेळी ओल्याच चेनवर वॅक्स मारला की पाणी खाली अडकतं आणि वॅक्सखाली गंज वाढतो. वरून चेन पांढरी, छान दिसते. शिवाय थरावर थर चढून पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये जांभ्याच्या लाल चिखलासकट घट्ट गोळा होतो, तो ओरबाडूनच काढावा लागतो.

पावसाळ्यात ५०० किलोमीटर हा आकडा विसरा. मोठ्या भिजण्यानंतर त्याच रात्री: चेन पुसा, चाक फिरवून पाणी झटका, अर्धा तास सुकू द्या, ऑइलचा पातळ हात. स्वस्त आणि हाताशी असलेलं वंगणच माणूस इतक्या वेळा लावतो, म्हणून चार महिने गिअर ऑइलच.

---

काळी_माती

@मालवणी_खिंड, पावसाळ्यापुरतं मान्य. पण ओल्या चेनवर मारणं हा वापरणाऱ्याचा दोष, वॅक्सचा नव्हे. सीलबंद चेन असेल आणि ती आधी नीट सुकवली असेल तर वॅक्स पावसातही ऑइलपेक्षा जास्त वेळ धरून राहतो.

---

बचतगडी

एवढा खर्च कशाला? सर्व्हिसिंगला इंजिनमधून जळकं ऑइल निघतंच, तेच चेनला लावायचं. बरीच गॅरेजं हेच करतात. आणि साफ करायचा सोपा मार्ग: मेन स्टँडवर गाडी चालू करून पहिल्या गिअरमध्ये टाका आणि ब्रश चेनला धरा. दोन मिनिटांत काम.

---

घाटवळण

@बचतगडी, दुसरा सल्ला आधी घेतो, कारण तो जिवाशी खेळ आहे. चालत्या गाडीची चेन फडकं किंवा ब्रशचे केस ओढून घेते आणि मागोमाग बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. इंजिन आयडलला असलं तरी बोट तुटायला तेवढा जोर भरपूर होतो. मॅन्युअलमध्ये इंजिन बंद, न्यूट्रल आणि चाक हाताने, असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. हाताने फिरवतानाही फडकं खालच्या चेनच्या मधोमध धरा, स्प्रॉकेटजवळ नको. घरात कोणाला हे शिकवत असाल तर किल्ली काढून खिशात ठेवायला सांगा.

जळक्या ऑइलबद्दल: त्यात काजळी, इंजिनच्या झिजेचे धातूचे कण आणि जळणातून आलेली आम्लं असतात, आणि त्याचा घट्टपणाही बदललेला असतो. कोरड्या चेनपेक्षा ते बरं, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. फुकट मिळतं म्हणून झिजवणारे कण स्वतःच्या हाताने चेनमध्ये सोडणं मला पटत नाही. ग्रीसचंही तसंच, ते आत शिरत नाही आणि बाहेर वाळू धरून ठेवतं. काहीजण डब्ल्यूडी-४० मारून थांबतात. ते पाणी हटवायला आणि घाण सैल करायला चांगलं, चेनचं वंगण म्हणून पुरत नाही. त्यानंतर ऑइल द्यावंच लागतं.

---

जुना_पाना

वंगणावर भांडणाऱ्या कितीतरी गाड्यांची चेन प्रत्यक्षात चुकीच्या ताणामुळे जाते. जास्त ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट. मागचं चाक दबतं तेव्हा पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांडीची) पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात आणि त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. ती शिल्लक नसेल तर सगळा ओढा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर येतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागलं तर चेनचा ताणही तपासा.

कम्युटर गाड्यांना खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली मिळून साधारण २० ते ३० मिमी ढिलाई लागते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना बरीच जास्त. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, आणि तो मेन स्टँडवर मोजायचा की साइड स्टँडवर हेही तिथेच लिहिलेलं असतं. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथला आकडा धरायचा. सैल जागी ताणली तर घट्ट जागा आल्यावर ती तारेसारखी ताठ होते.

ताण बदलताना सर्रास होणारी चूक अशी. अनेक कम्युटर गाड्यांना अ‍ॅक्सल नटशिवाय चेनच्या बाजूला मोठा स्लीव्ह नटही असतो. तो सैल न करता अ‍ॅडजस्टर (चाक मागे सरकवायचा स्क्रू) आवळला तर एक बाजू सरकते, दुसरी अडकून राहते आणि चाक तिरकं बसतं. दोन्ही नट सैल, मग दोन्ही अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा सारखे, मग स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवा आणि मागून डोळा लावून चेन दोन्ही स्प्रॉकेटच्या सरळ रेषेत आहे का बघा. खुणांवर आंधळा विश्वास नको, त्या थोड्या चुकलेल्या असू शकतात. नट घट्ट केल्यावर ढिलाई पुन्हा मोजा, ती बदलते. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलची फ्री-प्लेही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) बघा. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक हलका चिकटून राहतो, मग ड्रम तापतो आणि मायलेज पडतं.

चेन लॉकवाली, म्हणजे क्लिपने जोडलेली, असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला. वरच्या चेनवर म्हणजे पुढे. उलटी बसवलेली क्लिप काही अडकलं तर निघून जाते.

---

काळी_माती

@जुना_पाना, साध्या चेनवर वॅक्स नको हे पटलं, धुळीतही. तिथे ऑइल देऊन दुप्पट वेळा पुसणं हाच उपाय. पण मग बदलायची कधी, तेही सांगा. दर वेळी नुसती चेन बदलून देणारे आमच्याकडे भरपूर आहेत.

---

जुना_पाना

मोजून ठरवा. ४२८ चेनची पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, म्हणजे ताणून धरलेल्या चेनमध्ये २१ पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंत नवीन असताना २५४ मिमी. ५२० चेनची पिच १५.८७५, तिथे ३१७.५ मिमी. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर तीच धरा. नसेल तर सीलबंद चेनला १ टक्का आणि साध्या चेनला २ टक्के वाढ ही सर्वसाधारण सीमा. म्हणजे साधी ४२८ चेन २५९ मिमीला आली की गेली.

टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. दाताचा अर्धाअधिक भाग उघडा पडला तर चेन संपली. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकला असेल तर मोजायचीही गरज नाही.

नुसती चेन बदलू नका. झिजलेले दात एका बाजूला हुकासारखे वळलेले असतात, त्यावर नवीन चेन नीट बसत नाही आणि भराभर झिजते. पुढचा स्प्रॉकेट, मागचा स्प्रॉकेट आणि चेन एकत्र बदला, पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट आणि तिचे बोल्टही तपासा. मागचं चाक उघडलंच आहे तर हबमधले रबर हाताने हलवून बघा. ते सैल झाले असतील तर थ्रॉटल सोडताना-देताना जो धक्का बसतो तो नवीन चेन टाकूनही जात नाही.