केरोसीन नको, आधी खूर कोरडा करा
भाऊ, घोड्याच्या खुरातून काळं, सडका वास मारणारं पाणी येतंय म्हणता, आणि वर एकानं त्यात केरोसीन ओतायला सांगितलंय. नका ओतू! आतलं नाजूक मांस पोळतं. पावसाळ्यात मूत-लिदीनं ओला राहिलेला तबेला हेच बहुतेक वेळा मूळ असतं. हवा न पोचणाऱ्या खाचेत जंतू माजतात. खुराच्या तळाशी त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो ना, त्याच्या बाजूच्या आणि मधल्या खाचा खूर साफ करायच्या आकडीनं उकरा, टाचेकडून पुढे. ब्रशनं घासा, फडक्यानं पार कोरडं करा, मग पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकात भिजवलेला कापूस खाचेत दाबून बसवा. रोज बदला. सुटलेला, कुजका भाग मात्र जाणत्या नालबंदालाच कापू द्या; यूट्यूब पाहून चाकू चालवू नका जी.

घोडा अचानक पाय टेकेना, खूर गरम लागतोय, तर आत पू धरला असेल. मग घरी खेळत बसू नका, नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली होती? घोड्यांना तो फार पटकन होतो.