वाईट काळात आशा आणि सहकार्य टिकवायचं कसं?

प्रश्न: दहा-बारा जणांचा मदतगट आहे. बातम्या वाईट, त्यात जो तो हात आखडता घेतोय. 'आशावादी राहा' ठीक आहे हो, पण नेमकं करायचं काय?

उत्तर १: आठवड्यात संपेल असं एकच काम घ्या, त्यापुढे एक नाव आणि वार लिहा. 'सगळे मिळून बघू' म्हटलं की ते काम कुणाचंच राहत नाही. बातम्या दिवसातून दोनदा पुरे, झोपताना नकोच.

उत्तर २: सहकार्य म्हणजे भाबडेपणा नव्हे. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास घेतलेल्या, दर फेरीला सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅम्सच्या स्पर्धेत अनातोल रॅपोपोर्ट यांची 'जशास तसे' चाल जिंकली: पहिल्या फेरीत सहकार्य, पुढे समोरचा वागेल तसं. गोची अशी, की साधी चूक दगा समजली गेली तर दोघं उट्टे काढत बसतात. म्हणून अधूनमधून एखादी चूक पोटात घालायची. निरोप आला नाही? आधी फोन करा, मग रागवा.

प्रश्नकर्ता: आणि कायमचा फुकट्या असेल तर?

उत्तर २: एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी अभ्यासलेल्या, पाणी-जंगल एकत्र सांभाळणाऱ्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या गटांत दंड पायरीपायरीने वाढतो. तुमच्या गटातही तसंच: आधी खासगीत आठवण, मग गटासमोर, अगदी शेवटी बाहेर. पहिल्याच चुकीला हाकललंत तर बाकीचेही बिचकतात.