पॉलिस्टरचा झेंडा आणि विल्हेवाटीचा प्रश्न

'तिरंगा खादीचाच हवा, पॉलिस्टरचा लावणं गुन्हा आहे' असं झेंड्यावरच्या या चर्चेत एकानं म्हटलंय. ते आता लागू नाही. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनं ध्वजसंहितेत (म्हणजे राष्ट्रध्वज कसा वापरायचा याच्या सरकारी नियमांत) पॉलिस्टर आणि यंत्रावर बनलेला झेंडा चालतो, आणि जुलै 2022 पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. खादीचा आग्रह मलाही पटतो (नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात, त्याचं कापड उदगीरचं), पण तो आवडीचा भाग झाला, कायद्याचा नाही.

खरी पंचाईत नंतरची आहे, आणि त्यावर इथे कोणी बोललं नाही. ऑगस्टमध्ये हौसेनं लावलेले झेंडे दिवाळीपर्यंत गच्चीवर तसेच असतात. आमच्या सोसायटीतल्या एकाचा केशरी पट्टा विटून पिवळट झाला होता, उडत्या बाजूची शिवण उसवून दोरे लोंबत होते. फाटका किंवा मळका झेंडा लावून ठेवायला संहितेत मनाई आहे. तो एकांतात, सन्मानानं, पूर्णपणे नष्ट करायचा, शक्यतो जाळून. खादी निमूट जळून राख होते. पॉलिस्टर मात्र वितळतं, काळा धूर सोडतं आणि त्याचा चिकट गोळा उरतो. त्यात कसला आलाय सन्मान! 'शक्यतो' म्हटलंय, म्हणजे दुसऱ्या मार्गाला वाव आहे, पण तो कोणता हे संहिता सांगत नाही. पॉलिस्टरला परवानगी देताना याचाही विचार व्हायला हवा होता. निदान वॉर्ड ऑफिसात जुने झेंडे जमा करून घ्यायची सोय तरी करा.