मदत हवी आहे: जर्मन पिस्तुलावर 8,83, मग गोळी कुठली?

रेणू_ओहायो: शेजारच्या आजींच्या यजमानांनी महायुद्धातून आणलेलं पिस्तूल आहे. मुलगा उद्या विकायला नेणार, आजींना आधी खात्री हवीय. नळीच्या खालच्या अंगाला 8,83. वर 1920, त्याखाली 1917. या मापाची गोळी नेटवर मिळत नाही. प्लीज लवकर!

खडूस_काका: कुठलं पिस्तूल? माउझर, ल्यूगर, वाल्थर? ना फोटो, ना वर्णन. पत्रिका मांडू का?

रेणू_ओहायो: फोटो चढत नाहीये हो. वरचा भाग गुडघ्यासारखा दुमडतो. त्यावर डीडब्ल्यूएम, अक्षरं एकमेकांत गुंतलेली.

मावळा71: ल्यूगर! डीडब्ल्यूएम म्हणजे बर्लिनचा शस्त्रांचा कारखाना. गोळी 7.65 पॅराबेलम, स्विस लष्कराची हीच होती.

खडूस_काका: स्विसांची असेल. जर्मन लष्कराने 1908 साली घेतलं ते 9 मिमीचं. 8,83 हे गोळीचं माप नाही, गोळीला फिरकी द्यायला नळीत आटे कोरतात, त्यांच्या समोरासमोरच्या कडांमधलं अंतर आहे, मिमीत. स्वल्पविराम म्हणजे जर्मनांचं दशांशचिन्ह. 7.65 च्या नळीत 8.83 कुठून येणार? 1917 हे बनावटीचं साल, 1920 हा युद्धानंतर सरकारी मालमत्ता म्हणून मारलेला शिक्का.

सुगरण_नाशिक: चिंच-मीठ चोळा, लख्ख निघेल.

मावळा71: अहो ताई, समई नाहीये ती! मूळची निळी झाक गेली की संग्राहक हात लावत नाहीत.

दापोलीकर: आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत होते. सेनियो नदीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ना, तीच लढाई. आजोबांनी आणला एक जर्मन चमचा. अजून साखरेच्या डब्यात आहे. बाकी, 9 मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं नळीचं माप, आधी पोलीस ठाणं गाठा.

खडूस_काका: नावात ओहायो लिहिलंय तिने.

रेणू_ओहायो: थँक्यू काका! मघापासून टॉर्च मारून नळीत बघत होते, आकडा आत पण असेल म्हणून. एकच राहिलं, वरच्या छोट्या पट्टीवर 'गेलाडेन' आहे. मूळ मालक का?

खडूस_काका: पट्टी सपाट आहे की वर उचललेली?

रेणू_ओहायो: थोडी वर. का?

खडूस_काका: गेलाडेन म्हणजे 'भरलेलं'. आत काडतूस असलं की ती पट्टी वर येते. नळीचं तोंड माणसांकडे नको. खाली ठेव, हात काढ, जाणकाराला घरी बोलव. स्वतः काही उघडू नकोस.

मावळा71: रेणू?

मावळा71: अगं रेणू?

रेणू_ओहायो: आहे. बंदुकांच्या दुकानातला माणूस येऊन रिकामं करून गेला. एक निघालं, 9 मिमीच. आजी म्हणतात, लग्नापासून स्वेटरांच्या कप्प्यात होतं.