नॉर्टन सेंट फिलिपचा जॉर्ज इन : मद्य न घेणाऱ्यांनी जावे का?

प्रश्न : पुढील महिन्यात आईवडिलांना घेऊन इंग्लंडमधील बाथला लेकीकडे जाणार आहे. जवळच्या नॉर्टन सेंट फिलिप गावातील जॉर्ज इन हा ऐतिहासिक पब पाहण्याची वडिलांची फार इच्छा आहे. मात्र दोघेही शाकाहारी असून मद्याला शिवत नाहीत. तिथे अवघडल्यासारखे होईल का?

उत्तर १ : मुळीच नाही. खेड्यातला पब म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे. तिथे आजीआजोबा, लहान मुले आणि टेबलाखाली झोपलेली कुत्रीही असतात. जवळच्या मठातील कार्थुशियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी ही वास्तू 14व्या शतकात, लोकरीच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी उभारली. तळमजला दगडी आहे आणि वरचे लाकडी चौकटीचे मजले रस्त्याकडे थोडे पुढे झुकलेले आहेत. 1668 मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स येथे जेवला, तर 1685 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड करणाऱ्या मॉनमथच्या ड्यूकचा मुक्काम येथेच होता. वडिलांना इतिहासाची आवड असेल, तर मागचे अंगण चुकवू नका.

उत्तर २ : व्यवहाराचे सांगतो. वेटरची वाट पाहत बसू नका (आम्ही दुसऱ्या एका पबमध्ये वीस मिनिटे बसलो होतो!), टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून काउंटरवरच मागणी नोंदवायची आणि पैसेही तिथेच द्यायचे. दुपारच्या जेवणानंतर खेड्यांतली स्वयंपाकघरे बहुधा संध्याकाळपर्यंत बंद असतात, म्हणून आधी फोन करा. चिप्स कोणत्या तेलात तळतात, त्यात मांस-मासे किंवा प्राण्यांची चरबी तर नसते ना, हेही तेव्हाच विचारा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तेलाचे सुचलेच नव्हते.